गावच वाळीत

काळूराम वारला तेव्हा त्याच्या तिरडीला खांदा द्यायला गावातलं एकही माणूस आलं नाही. मीही गेलो नाही. शाळेच्या पडवीत उभं राहून मी ती तिरडी पावसातून जाताना पाहिली. पुढे काशी, काळूरामची बायको, आणि तिच्या जोडीला तिचा भाऊ मोरू. तो शेजारच्या गावाहून फुगलेला ओढा ओलांडून आला होता. मागे खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातला होडीवाला नुरुद्दीन आणि त्याचा भाऊ सिराजुद्दीन. बाईने तिरडीला खांदा द्यायची रीत आमच्याकडे नाही. पण चौथा खांदा नव्हता म्हणून काशीने दिला. एकतीस घरांचं गाव. प्रत्येक घराचं दार उघडं होतं आणि दारात कुणीही नव्हतं.

ही १९५८ च्या श्रावणातली गोष्ट. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, राजपुरीच्या खाडीकाठच्या त्या गावात मी चार वर्षं मास्तर होतो. मुंबईत गिरणीत आणि गोदीत निम्मे पुरुष, गावात भातशेती, आणि गावावर गावकी. गावकीचा म्होरक्या रावजी. काळूरामच्या भावकीतलाच, वयाने थोरला. काशी त्याला भावजी म्हणायची.

काळूरामचा अपराध एवढाच की तो खरं बोलला. गावाच्या गुरचरणात रावजीने कुंपण घालून नारळ लावले. कुणीतरी अर्ज केला, चौकशीला साहेब आले आणि त्यांनी काळूरामला विचारलं, "इथं पूर्वी काय होतं?" काळूराम म्हणाला, "गुरं चरायची." झालं. कुंपण काढावं लागलं. १९५७ च्या शिमग्यात, पालखी निघायच्या आधी, रावजीने सहाणेवर उभं राहून काळूरामचं घर वाळीत टाकलं. देवाची पालखी जिथे टेकवतात तो चौथरा म्हणजे सहाण. तिथे बोललेला शब्द मोडत नाहीत. नियम जुनाच होता: वाळीतल्या घराशी जो बोलेल, देईल, घेईल, त्याचंही घर वाळीत. दरवर्षी शिमग्याला रावजी विचारणार, "वाळी चालू, कबूल?" आणि माणसं म्हणणार, "कबूल."

तेव्हापासून काशीला विहिरीवर सगळ्यांच्या नंतर जावं लागे. लावणीला कुणी सावडीने येत नसे. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, असं एकमेकांकडे राबायचं ही आमच्याकडची सावड. तिच्यावाचून भात लावून होत नाही. त्या दोघांनी दोन पावसाळे अर्धी शेतं पडीक ठेवली. दुसऱ्या पावसाळ्यात काळूरामला ताप आला. दवाखान्यात न्यायला बैलगाडी मागायची कुणाकडे? नुरुद्दीनची होडी उधाणामुळे दोन दिवस येऊ शकली नाही. ती आली त्या सकाळी काळूराम गेला होता.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्यावाचून पुढचं कळणार नाही.

१९५७ च्या मे महिन्यात मास्तरांसाठी अलिबागला एक महिन्याचा वर्ग होता. तिथे मुंबईहून एक बाई यायच्या. माणसं एकमेकांशी कशी वागतात, का वागतात, याचा त्यांनी अभ्यास केला होता. त्या म्हणायच्या, "वर्गात कुणाचं कुणाशी पटतं हे डोळ्यांना दिसतं ते खरं मानू नका. एकेका मुलाला जवळ बोलवा आणि कानात सांगायला लावा. चारचौघांत मूल जे बोलतं ते चारचौघांचं असतं."

जूनमध्ये शाळा उघडली आणि मी ते करून पाहिलं. काळूरामची मुलगी रंगू तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्या बाकावर कुणी बसत नसे. सोळा मुलं मी एकेक करून टेबलापाशी बोलावली. "तुला कुणाशेजारी बसायला आवडेल? कानात सांग. मी कुणाला सांगणार नाही." सोळापैकी अकरा मुलांनी रंगूचं नाव सांगितलं. मी थक्क झालो. रंगूला भारद्वाजाची हुबेहूब नक्कल येई, सागरगोट्यांत तिला कुणी हरवू शकत नसे, आणि ती चिंचा वाटून खाई. मुलांना हे सगळं ठाऊक होतं.

"मग बसत का नाहीस?" मी विचारलं.

"बाकीची चिडवतील."

अकराही जणांचं उत्तर तेच. बाकीची. त्या 'बाकीच्यां'मध्ये कोण होतं? त्या अकरांतलीच उरलेली दहा, ज्यांनी रंगूचंच नाव सांगितलं होतं.

मग मी मोठ्यांकडे कान लावला. गावात मास्तराजवळ माणसं मन मोकळं करतात. भिकू म्हणाला, "वाईट वाटतं हो, पन गाव काय म्हनंल?" वेणूबाई म्हणाली, "माझ्या एकटीच्या मनाला येऊन काय होतं, गुरुजी?" महिनाभरात मला कळून चुकलं की वाळी हवी असलेलं माणूस गावात एकच आहे, आणि बाकी प्रत्येक जण बाकीच्यांना भिऊन गप्प आहे. मी हे मोठ्याने बोललो असतो तर? पण मी रावजीच्या ओटीवर राहत होतो. शाळेचं छप्पर गावकीने घातलं होतं. रावजीने वर एक अर्ज केला असता तर माझी बदली कुठल्या तरी डोंगरात झाली असती. मी गप्प राहिलो. मीही त्या 'बाकीच्यां'पैकीच एक झालो.

काळूरामच्या तेराव्याला, दुपारी, मी काशीच्या दारी गेलो. ती सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. तिने सूप खाली ठेवलं.

"म्हंजे सगळ्यांना वाईट वाटत व्हतं?"

"हो."

"आनि प्रत्येकाला वाटत व्हतं, आपन एकटाच?"

"हो."

"तुमाला हे कवापासून ठाऊक?"

"गेल्या आषाढापासून."

तिने बोटांच्या पेरांवर मोजलं. "तेरा म्हैने." मग माझ्याकडे पाहिलं. "तेरा म्हैन्यांत तुमी तोंड उघडलं असतं तर गाडी मिळाली असती, गुरुजी."

मी तिला कायद्याचं सांगितलं. सरकारने वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा केला आहे, फिर्याद करता येईल. ती म्हणाली, "फौजदार येईल, लोकं त्याच्यासमोर माझ्याशी बोलतील, तो गेला की थुंकतील. तुमी शिकलेले हाव. मानूस आपल्या बाजूला कसा येतो ते सांगा."

मग मी अलिबागच्या बाईंनी सांगितलेली दुसरी गोष्ट तिला सांगितली. आपल्याला वाटतं, ज्याने आपल्यावर उपकार केले तो आपल्याला आवडतो. खरं उलट आहे. ज्याला आपण काही दिलं तो आपल्याला आवडू लागतो, कारण मन म्हणतं, मी दिलं म्हणजे तो देण्याजोगाच असणार. म्हणून कुणाला जवळ आणायचं असेल तर त्याला काही देऊ नये. त्याच्याकडे मागावं. आधी अगदी लहान मागावं, नाही म्हणायलाच लाज वाटेल इतकं. ते दिलं की पुढचं थोडं मोठं. आणि एकट्याला गाठून मागावं. दोघं असले की एक दुसऱ्याकडे पाहतो.

काशीने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. मला वाटलं, बिचारी आता हळूहळू माणसांत येईल. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला कळलं नाही. इतकी वर्षं मुलं शिकवून, समोरच्याने धडा कशासाठी पाठ केला हे मास्तराला सांगता येत नाही.

सुरुवात तिने सुईने केली. वेणूबाई ओढ्यावर एकटी कपडे धूत होती. काशी जवळ गेली नाही, दहा हातांवर उभी राहिली. हे मला नंतर वेणूबाईनेच सांगितलं.

"वेनूकाकी, सुई हाय? रंगूचा परकर फाटलाय. फेकलीस तरी चालंल."

वेणूबाईने इकडेतिकडे पाहिलं, काष्ट्याला टोचलेली सुई काढली आणि वाळूत फेकली. "कुनाला सांगू नको गो."

"न्हाय सांगायची."

चार दिवसांनी वेणूबाईच तिला शोधत आली. "परकर शिवलास का? दोरा हाय का तुझ्याकडं?" पंधरा दिवसांनी काशीने विरजण मागितलं. मग ते रोजचं झालं. भिकूकडे तिने खळ्यावर फुटकं घमेलं मागितलं. त्याने फुटकं दिलं, आणि दिवाळीला स्वतःहून चांगलं दिलं. कुणाकडे तिने विस्तव मागितला, कुणाकडे मिरचीचं बी, कुणाकडे फक्त 'आज बाजारवार आहे का' याचं उत्तर. ज्याने उत्तर दिलं तो दुसऱ्या दिवशी विचारायचा, "गेलीस का बाजारला?"

प्रत्येक जण म्हणायचा, "कुनाला सांगू नको." आणि तिने कुणालाच सांगितलं नाही. गावातल्या प्रत्येक घराला वाटत होतं की काशीला जगवणारं घर आपलंच.

एकाच घराकडे तिने काही मागितलं नाही. रावजीच्या. त्याची बायको चंद्राबाई मनाने मऊ होती. माघात एकदा ती स्वतः पदराखाली ताकाचा तांब्या घेऊन काशीच्या परसात आली. मी रंगूची वही द्यायला गेलो होतो, तेव्हा माझ्यासमोर हे झालं.

"घे गो, पोरीसाठी."

"नको, जाऊबाई."

"कुनी बघत न्हाय."

"म्हनूनच नको." काशीने हात मागे घेतले. "तुमच्या घरचं मी घेनार न्हाय. घेतलं तर तुमचं घर वाचंल."

चंद्राबाईला त्याचा अर्थ लागला नाही. मलाही नाही. ती तांब्या घेऊन परत गेली.

१९५९ चा शिमगा आला. सहाणेवर पालखी सजली होती, ढोल तापवत होते, मुंबईहून आलेली मंडळी नवे सदरे घालून उभी होती. पुरुष पुढे, बायका वडाखाली. रावजी उठला आणि वहिवाटीप्रमाणे म्हणाला, "काळूरामच्या घराची वाळी चालू. कबूल?"

"कबूल," गाव म्हणालं. पण आवाज असा आला की जणू सगळ्यांच्या घशात भात अडकला होता.

तेवढ्यात काशी आली. सहाणेच्या कडेला, चौथऱ्याच्या बाहेर उभी राहिली. रावजी ओरडला, "हिला कोन बोलवलं? कुनी हिच्याशी बोलायचं न्हाय!"

"मी मानसांशी बोलायला न्हाय आले, भावजी. देवाशी बोलते. देवाला तर वाळी लागत न्हाय ना?" ती पालखीकडे वळली. "देवा, माझ्या घराची वाळी या गावात ज्यानं खरोखर पाळली त्यानं तुझ्यापुढचा नारळ उचलावा. ज्यानं मोडली त्यानं उचलू नये. खोटं उचलनाऱ्याचं तू बघ."

देवापुढचा नारळ खोटा उचलायचा नाही, हे आमच्याकडे दूधपित्या पोरालाही ठाऊक असतं. रावजी चलाख असता तर त्याने हा खेळ तिथेच मोडला असता. पण त्याला गावाची खात्री होती. तो पुढे झाला, नारळ उचलला, कपाळाला लावला आणि खाली ठेवला. "बघ. आता मानाप्रमाणं एकेक घर या. भिकू, तू."

भिकू जागचा हलला नाही.

"उचल की रे."

"कसा उचलू?"

"हातानं!"

"घमेलं दिलं मी तिला," भिकू म्हणाला.

"कंचं घमेलं?"

"पयलं फुटकं व्हतं."

कुणीतरी खुदकन हसलं. रावजीने त्या दिशेला पाहिलं आणि वेणूबाईच्या नवऱ्याला हाक मारली. म्हातारा नारळाकडे हात नेतो न नेतो तोच वडाखालून वेणूबाई ओरडली, "हात लावू नका! विरजन देते मी तिला, सहा म्हैने झाले!"

"सहा म्हैने?" म्हातारा वळला. "आनि मला सांगितलं न्हाईस?"

"तुमी तिचं छप्पर शाकारून दिलंत ते मला सांगितलंत व्हय? पाठीवर गवत घेऊन आलात, म्हनं गुरांसाठी! आपली गुरं छपरावर चढतात?"

आता सगळे हसू लागले. एकदा हसू फुटलं की भीती राहत नाही. माणसं बोलावण्याची वाट पाहिनात. "मी विस्तव दिला." "मी मिरचीचं बी दिलं." "मी नुसतं बाजारवार सांगितला, पन तीन वेळा सांगितला." प्रत्येक जण बोलताना शेजाऱ्याकडे पाहत होता. तूही? तूही? एकोणतीस घरं. एकाही घराने नारळाला हात लावला नाही.

रावजीचा चेहरा काळवंडला. त्या क्षणी त्याने हसून 'चला, सुटलं' म्हटलं असतं तर त्याचा मान राहिला असता. पण तो नियमाचा माणूस होता. सहाणेवर पाय आपटून तो गरजला, "नियम म्हंजे नियम! सगळी घरं वाळीत! एकोनतीसच्या एकोनतीस!"

हे शब्द कानावर पडेपर्यंत काशी हलली नाही. मग ती पहिल्यांदा माणसांकडे वळली.

"ऐकलंत ना? सहानेवरचा शब्द. आता आपन सगळी वाळीत. गावात उरलं एकच घर. वाळीतल्या मानसानं गावाशी बोलायचं न्हाय, द्यायचं न्हाय, घ्यायचं न्हाय. नियम म्हंजे नियम."

क्षणभर कुणाला उमगलं नाही. मग भिकूने ढोल गळ्यात अडकवला. "चला रे, पालखी उचला. आपल्याआपल्यात बोलायला तर कुनाची ना न्हाय!"

रावजी काहीतरी म्हणाला. कुणी उत्तर दिलं नाही. त्याने भिकूचा दंड धरला. भिकूने तो न बोलता सोडवून घेतला.

पालखी पहिल्यांदा काशीच्या दारी गेली. दोन वर्षांत देव तिच्या दारी थांबला नव्हता. माणसं उत्साहात होती, गुलाल उधळत होती. त्यांना वाटत होतं, आता ही रडेल, हसेल, सगळं विसरेल. काशीने पालखीला ओवाळलं, नारळ ठेवला, आणि मग ज्यांच्या खांद्यावर दांडा होता त्या एकेकाकडे पाहत म्हणाली, "इतके खांदे व्हते व्हय गावात?"

ढोल थांबला. कुणी मान वर केली नाही. मी मागे उभा होतो, मीही नाही.

रावजीच्या दारी चंद्राबाई ताट घेऊन उभी होती. पालखी तिच्या दारावरून पुढे गेली.

आषाढ लागला. रावजीची शेतं गावात सगळ्यांत मोठी, आणि घरात माणसं दोन. मुलगा मुंबईला, त्याने रजा मिळत नाही असं कळवलं होतं. रावजीने एकट्याने चिखलणी केली. चंद्राबाई एकटी आवण, म्हणजे भाताची रोपं, काढायची आणि एकटी लावायची, एका दिवसात चार वाफेसुद्धा होत नसत. आसपासच्या शेतांत वीस वीस बायका ओळीने वाकलेल्या, गाणी चाललेली, आणि मधल्या त्या चिखलात ती एक म्हातारी. आवणाचं वय होऊ लागलं होतं. आवण फार दिवस तसंच राहिलं की त्याला कांडं धरतं, मग ते लावून उपयोग नसतो.

मी शिमग्यानंतर रावजीची ओटी सोडून शाळेतच राहायला गेलो होतो, पण ती म्हातारी मला पाहवेना. मी भिकूला विचारलं, "तुला काही वाटत नाही?"

"वाटतं हो. म्हातारीनं काय केलंय? पन काशीला काय वाटंल? बाकीचे काय म्हनतील?"

मी वेणूबाईला विचारलं. आणखी पाच घरी विचारलं. सगळीकडे हेच. म्हातारीची दया प्रत्येकाला येत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपल्यालाच येते. तोच रोग, नवं घर. या वेळी मात्र मी गप्प राहणार नव्हतो. आधी काशीला सांगावं म्हणून तिच्या शेतावर गेलो. ती पावसासाठी इरलं पाठीवर घेऊन लावणी करत होती.

"काशीबाई, लोकांना रावजीकडे जायचंय. तुमच्या भीतीने जात नाहीत."

"मी अडवलंय कुनाला? एक शब्द बोलले का?"

"नाही. पण मी आता त्यांना सांगणार आहे. प्रत्येकाच्या मनात तेच आहे, एवढंच सांगायचंय."

ती उभी राहिली. हातातली आवणाची मूठ तिने पाण्यात हिसळली, मुळांचा चिखल धुतला.

"मला सांगायला तुमाला तेरा म्हैने लागले. त्याच्यापायी गावाला सांगायला तेरा दिवस लावा."

"आवण जाईल, काशीबाई."

"माझा मानूस गेला."

"म्हातारीचा काय दोष?"

"माझ्या रंगूचा काय व्हता?" ती शांतपणे बोलत होती. "तेरा दिवस. म्हैन्याला एक. जास्ती मागत न्हाय. चौदाव्या दिवशी तुमी दवंडी पिटा, मी थांबवायची न्हाय."

मी 'नाही' म्हणू शकलो असतो. ती मला रोखू शकत नव्हती. पण शाळेच्या पडवीतून पाहिलेली ती तिरडी माझ्याही खांद्यावर होती. मी 'बरं' म्हणालो.

ते तेरा दिवस मी मुलांना शिकवलं, पाढे म्हणून घेतले, आणि खिडकीतून ते शेत पाहिलं. शाळेत आता रंगूच्या बाकावर चौघी बसत, एक कायम खाली पडे. माझी नजर त्यांच्यावरून पुन्हा खिडकीबाहेर जाई. दहाव्या दिवशी दुपारी रावजी काशीच्या बांधावर येऊन उभा राहिलेला दिसला. पाऊस नव्हता. मी गेलो. तो खूप वाळला होता.

"काशी," तो म्हणाला. चार महिन्यांत त्याच्याशी घराबाहेरचं कुणी बोललं नव्हतं आणि आवाज गंजल्यासारखा झाला होता. "तंबाकू हाय का? चिमूटभर."

काशीच्या कमरेला चंची होती. तिचा हात तिकडे गेला. मी पाहत होतो. तो हात आपोआप गेला. मग थांबला. तिने तो चिखलात घातला आणि पुढचं रोप रोवलं. रावजी थोडा वेळ थांबून निघून गेला.

"चिमूटभरच मागत होता," मी म्हणालो.

"म्हनून तर दिली न्हाय," काशी म्हणाली. "दिली की मला तो बरा वाटायला लागंल. तुमीच सांगितलंत. मला तो बरा वाटायला नको हाय."

चौदाव्या दिवशी उजाडल्यावर मी भिकूच्या घरापासून सुरुवात केली. फार काही सांगावं लागलं नाही. "तुला जे वाटतं तेच वेणूबाईला वाटतं. तेच वडाच्या पलीकडच्या सगळ्या घरांना वाटतं. कुणी चिडणार नाही." "खरं?" "खरं." वेणूबाई नवऱ्याला न विचारताच इरलं घेऊन निघाली. तिला पाहून दुसरी, दुसरीला पाहून तिसरी. न्याहारीच्या वेळेला रावजीच्या शेतात अठरा बायका वाकल्या होत्या आणि बांधावर बसून चंद्राबाई पदराने तोंड पुसत होती. रावजी चिखलात उभा होता. शेवटी तो आवणाच्या मुठी उचलून बायकांना नेऊन देऊ लागला. हे काम आमच्याकडे पोरंटोरं करतात.

मी शेजारच्या शेतात काशीपाशी गेलो. ती एकटीच होती. तिच्या सावडीच्या बायकाही तिकडे गेल्या होत्या. तिने त्यांना अडवलं नव्हतं. तिची पाठ त्या शेताकडे होती, पण रोवायचं थांबलं होतं. ती ऐकत होती.

"आवन कसं हाय त्यांचं?" तिने विचारलं.

"पिवळं पडलंय. निम्म्याला कांडं धरलंय."

"किती पिकंल?"

"निम्मं."

तिने मान हलवली, जणू हिशेबात बसलं. मग खाली वाकून पुढची मूठ सोडली.

"बरं झालं," ती म्हणाली. "पुरतं बुडालं असतं तर मला त्याची दया आली असती."